किडनी प्रत्यारोपण, अक्का आणि आमच्या मार्गदर्शक ताई

किडनी प्रत्यारोपण करायचे ठरले की रुग्णाभोवती माणसांची वानवा नसते. नेफ्रॉलॉजिस्ट असतात, शस्त्रक्रिया करणारे सर्जन असतात, प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला कायद्यानेच नेमावा लागणारा समन्वयक असतो आणि सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना तर गणतीच नसते. असे असताना पदरचे पैसे मोजून आणखी एका वैयक्तिक मार्गदर्शकाची भर कशाला, असे माझ्या मेव्हण्याने विचारले, तेव्हा मला नेमके उत्तर देता आले नव्हते. आज ते देता येईल. डॉक्टर माझ्या रिपोर्टांकडे पाहत होते, समन्वयक कागदपत्रांकडे पाहत होते आणि घरचे माझ्या तोंडाकडे पाहत होते. या तिन्ही ठिकाणी जे चालले होते ते माझ्या डोक्यात एकत्र होऊन त्याचा नुसता गोंधळ झाला होता. तो गोंधळ सोडवून ज्याचे त्याच्या जागी ठेवण्याचे काम ताईंनी केले.

मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यात हिशेबनीस आहे. मला आयजीए नेफ्रोपथी नावाचा किडनीचा विकार आहे, तो बायोप्सीत, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत कळला, आणि काही वर्षे गोळ्यांवर निभावल्यानंतर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचे काम कमी झाले की रक्तात वाढणारा घटक, अशा आकड्यावर जाऊन थांबले की डाव्या हातात फिस्टुला करून, म्हणजे सुई टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडून घेऊन, डायलिसिस सुरू करावे लागले. एका वेळचे डायलिसिस चार तास चालते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना दिवसभराचे पाणी एका बाटलीत मोजून घेणे काय असते, हे ज्याने केले आहे त्यालाच समजेल. त्यातही आपल्याकडचे जे जे म्हणून खास, ते सगळे बंद. शेंगांच्या चटणीत फॉस्फरस आणि मीठ, डाळिंबात पोटॅशियम. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे त्या जिल्ह्यात राहून डाळिंबाकडे पाठ फिरवायची, ही शिक्षा जरा जास्तच होती.

ताईंचा नंबर मला डायलिसिस केंद्रात, शेजारच्या खाटेवर येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांच्या सुनेने दिला. ताई पुण्यात राहतात, पूर्वी एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होत्या आणि आपल्या आईला त्यांनी स्वतःची किडनी दिलेली आहे. आता त्या प्रत्यारोपणाला सामोरे जाणाऱ्या रुग्णांना आणि दात्यांना वैयक्तिक मार्गदर्शन करतात. आमच्या बहुतेक बैठका रविवारी व्हिडिओ कॉलवर झाल्या, आणि पुण्याला तपासण्यांसाठी जाणे होई तेव्हा काही समोरासमोर झाल्या.

पहिल्या बैठकीत त्यांनी माझ्या आजाराबद्दल जवळजवळ काही विचारले नाही. आधी एक पानभर अटी वाचून दाखवल्या. मी कोणतेही औषध सुरू करायला, थांबवायला किंवा बदलायला सांगणार नाही. मी दाता शोधून देणार नाही आणि तसा माणूस सुचवणार नाही. मला कोणत्याही रुग्णालयाकडून, प्रयोगशाळेकडून किंवा औषध दुकानाकडून एक रुपयाही मिळत नाही, आणि तसा मिळतो असे तुम्हांला आढळले तर त्या क्षणी आपला संबंध संपला. हा कोरडेपणा मला तेव्हा खटकला होता. परंतु मानवी अवयवांचा व्यापार रोखणारा कायदा १९९४ चा आहे आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर अशा व्यवहाराला पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. या क्षेत्रात मध्यस्थ बनून फिरणाऱ्यांपासून स्वतःला वेगळे ठेवायचे असेल तर सुरुवात अशीच करावी लागते. कोणी अशी सेवा घेणार असेल तर त्याने पहिल्या भेटीत या तीन गोष्टी विचाराव्यात, आणि उत्तर गुळमुळीत मिळाले तर दुसऱ्या भेटीला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर त्यांनी मला एक वही करायला लावली. तिचे तीन भाग होते. पहिल्यात डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, दुसऱ्यात घरात बोलायचे विषय, आणि तिसऱ्यात ज्याचे उत्तर फक्त माझ्याकडेच आहे अशा गोष्टी. मी हिशेबनीस असल्यामुळे खाती पाडणे मला नवीन नव्हते. तरीही पहिल्या महिन्यात ही वाटणी मला जमेना. उदाहरणार्थ, 'नवी किडनी किती वर्षे चालेल?' हा प्रश्न मी पहिल्या भागात लिहिला होता. ताईंनी तो वाचून विचारले की डॉक्टरांनी एखादा आकडा सांगितला तर तुम्ही त्याचे काय करणार आहात. मग हळूहळू निघाले की मला आकडा नको होता, माझी मुलगी बारावी होऊन पुढे शिकायला जाईपर्यंत मी हातपाय हलवत कामावर असेन का, हे मला हवे होते. तो प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातला निघाला. पहिल्या भागात त्याऐवजी असा प्रश्न गेला: माझा मूळ विकार नव्या किडनीत पुन्हा येऊ शकतो का, आणि आला तर तो कशावरून कळेल? तो विचारल्यावर नेफ्रॉलॉजिस्टांनी पेन खाली ठेवले आणि नीट समजावून सांगितले की आयजीए नेफ्रोपथी नव्या किडनीत परत येऊ शकते, पण बहुतेकांच्या बाबतीत ती सावकाश येते आणि लघवीतील प्रथिने व रक्त यांच्या तपासणीवरून तिच्यावर लक्ष ठेवता येते. इतकी वर्षे उपचार घेत असूनही हे माझ्या कानावर आले नव्हते, कारण मी ते विचारलेच नव्हते. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर आपणहून सगळे सांगतील ही अपेक्षा बाळगण्यात अर्थ नाही.

आता दात्याचा विषय. वडील नाहीत, आईला मधुमेह आहे. माझा रक्तगट बी, पत्नीचा ए. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवायचे तर आपला सोलापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या कक्षेत येतो, आणि ती नोंद रुग्णालयामार्फत होते. ती आम्ही केली. मात्र त्या यादीत रांग मोठी असते. पत्नीची किडनी मला थेट चालणार नव्हती, तरी २०११ च्या दुरुस्तीमुळे दोन कुटुंबांनी आपापसांत अदलाबदल करण्याची कायदेशीर सोय आहे, हे ताईंनी समजावून सांगितले, आणि समन्वयकांनी आमचे नाव तिथेही लावले. उरली माझी मोठी बहीण. तिला आम्ही अक्का म्हणतो. तिचा रक्तगट ओ, म्हणजे बी गटाच्या माणसाला चालणारा. ती बार्शीला राहते, शाळांचे गणवेश शिवते, आणि तिच्या हाताखाली दोन बायका काम करतात. सोलापूरच्या गणवेशांना बाहेरच्या राज्यांतूनही मागणी असते, त्यामुळे मे-जूनमध्ये तिला जेवायलाही फुरसत नसते.

घरात सगळ्यांचे मत असे होते की दिवाळीला सगळे जमतील तेव्हा आईने अक्काला विचारावे. ताईंनी हे ऐकले आणि मी त्यांना पहिल्यांदा आवाज चढवताना पाहिले. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत स्त्रिया फार जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष फार जास्त, हे तुम्हांला माहीत आहे का, असे त्यांनी विचारले. चार माणसांत, सणाच्या दिवशी, आईच्या तोंडून विचारले तर सासर-माहेर दोन्हीकडून बांधलेली बाई नाही म्हणेल कशी? आणि जिला नाही म्हणताच येत नाही तिचे हो काय कामाचे? त्यांचे म्हणणे असे होते की मी अक्काला मागूच नये. मी तिला माझ्या आजाराची सगळी माहिती द्यावी, उपलब्ध असलेले सगळे मार्ग सांगावेत, यादीत आणि अदलाबदलीत नाव लागले आहे हेही सांगावे, आणि तिथे थांबावे. थांबणे हाच अवघड भाग असतो, असे म्हणून त्यांनी माझ्याकडून ते बोलणे तीन-चार प्रकारे वदवून घेतले. प्रत्येक वेळी मी शेवटी काहीतरी जोडत असे. 'तू विचार कर', 'घाई नाही', 'तुझ्यावर काही बंधन नाही.' ही सगळी वाक्ये म्हणजे मागणेच आहे, असे त्या म्हणत, आणि मला पुन्हा सुरुवात करायला लावत.

शेवटी मी एकटा बार्शीला गेलो. अक्का कापड कापत होती. मी बोललो आणि थांबलो. तिने कात्री चालू ठेवूनच विचारले, "अदलाबदलीत नंबर कधी लागतो?" मी म्हटले, सांगता येत नाही. ती म्हणाली, "बरं. जेवून जा." त्या दिवशी एवढेच झाले. त्यानंतर बरेच दिवस तिचा फोन नाही. घरी आईचा जीव खालीवर होत होता आणि ती ताईंना नावे ठेवत होती. मग एक दिवस अक्काने मला नव्हे, तर ताईंना फोन केला. नंबर मी तिला आधीच देऊन ठेवला होता. त्या दोघींत काय बोलणे झाले ते मला आजही माहीत नाही, कारण दात्याशी झालेले बोलणे रुग्णाला सांगायचे नाही, हाही ताईंचा नियम होता. मला नंतर एवढेच कळले की ताईंनी तिला सांगितले होते, तपासण्यांच्या कोणत्याही टप्प्यावर, अगदी शस्त्रक्रियेच्या सकाळीही, मन बदलले तर डॉक्टरांना एकांतात सांग. तुझी किडनी वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरली नाही, एवढेच ते घरच्यांना सांगतील. हे माहीत झाल्यावर अक्काने दाजींना घेऊन पुण्याची वाट धरली.

तपासण्यांचा तपशील फार लांबवत नाही. भावंडांत ऊतींची जुळणी पूर्ण होण्याची शक्यता चारात एक असते, अर्धी होण्याची दोनात एक. आमची अर्धी जुळली आणि क्रॉसमॅच निगेटिव्ह आला, म्हणजे माझ्या रक्ताने तिच्या पेशींना विरोध केला नाही. अक्काच्या दोन्ही किडन्या किती काम करतात ते डीटीपीए स्कॅनमध्ये पाहिले, रक्तवाहिन्या सीटी अँजिओग्राफीत पाहिल्या, मानसोपचारतज्ज्ञांनी तिच्याशी स्वतंत्र बोलणे केले. माझ्या बाजूला हृदयाची तपासणी, दातांची दुरुस्ती, हेपॅटायटिस बी आणि न्यूमोनियाच्या लसी. दातांकडे मी दुर्लक्ष केले असते, पण शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या की दातातला साधा जंतुसंसर्गही भारी पडतो. लसींचेही तसेच असते, जिवंत जंतूंच्या लसी नंतर घेताच येत नाहीत.

कागदपत्रांनी मात्र घाम काढला. बहीण ही कायद्याच्या दृष्टीने जवळची नातेवाईक असल्यामुळे आमचे प्रकरण त्रयस्थ दात्याच्या प्रकरणाइतके किचकट नव्हते. तरीही अक्का माझी सख्खी बहीण आहे हे सिद्ध करायचे होते, आणि तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, लग्नानंतर दुसरे, रेशनकार्डावर टोपणनाव आणि आधारवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग वेगळे, असा प्रकार होता. ज्या घरातली मुलगी सासरी जाऊन पंचवीस-तीस वर्षे झाली आहेत त्या प्रत्येक घरात हाच घोळ असणार. ताईंनी सुरुवातीलाच सांगितले होते की तपासण्या आणि कागद एकाच वेळी सुरू करा, एकामागून एक नको, कारण बऱ्याच तपासण्यांच्या रिपोर्टांची मुदत संपते आणि त्या पुन्हा कराव्या लागतात. दाजींनी प्रतिज्ञापत्रे आणि दाखल्यांसाठी बार्शी आणि सोलापूरच्या कचेऱ्यांची दारे झिजवली. रुग्णालयाने त्यांचीही लेखी संमती मागितली होती; ती त्यांनी एका ओळीत न देता चांगली पानभर लिहून दिली, आणि समन्वयकांना त्यातले निम्मे खोडून घ्यावे लागले.

प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढच्या मुलाखतीचे चित्रीकरण होते हे आम्हांला आधीच माहीत होते. ताईंनी तिची तालीम घेतली. स्वतः समितीच्या सदस्य होऊन त्यांनी अक्काला विचारले, "भावाकडून तुम्हांला काय मिळणार आहे?" अक्का इतकी भडकली की खुर्चीवरून उठलीच. "भाऊबीजेला साडी मिळते, ती पण वहिनी आणते," असे म्हणाली. ताई हसल्या नाहीत. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी अक्का शांतपणे म्हणाली की तिला काहीही मिळणार नाही, कोणी दबाव आणलेला नाही, शस्त्रक्रियेत धोका असतो आणि पुढे एका किडनीवर जगायचे आहे हे तिला समजावून सांगितले आहे. प्रत्यक्ष मुलाखतीत हाच प्रश्न जवळजवळ याच शब्दांत आला.

त्या तालमीतूनच एक खरा अडचणीचा मुद्दा बाहेर पडला. अक्काचे निदान दीड-दोन महिने काम बंद राहणार होते आणि दोन बायकांची मजुरी तिच्यावर होती. ते पैसे मी द्यावेत अशी माझी इच्छा होती, पण तोंडातून 'पैसे' हा शब्द काढायला मी घाबरत होतो. बहिणीची किडनी विकत घेतली असा अर्थ निघाला तर सगळेच मुसळ केरात. ताईंनी मला कायद्यातली व्याख्या दाखवली. अवयवाचा मोबदला देणे हा गुन्हा आहे, मात्र अवयव दिल्यामुळे दात्याचा जो थेट खर्च होतो किंवा जी कमाई बुडते तिची वाजवी भरपाई या मोबदल्यात मोजली जात नाही. यावर ताईंचा सल्ला असा होता की हे लपवून करू नका, रुग्णालयाच्या समन्वयकांना विचारा, आकडा तिच्या आधीच्या महिन्यांच्या कमाईवरून काढा, आणि बँकेतून द्या. आम्ही तसेच केले. माझ्या मते अनेक घरांत किडनी देणारी बहीण किंवा बायको हा तोटा मुकाट्याने सोसते, कारण तो विषय काढणेच पाप वाटते.

पैशांचाच विषय निघाला आहे तर एवढे नोंदवतो की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा राज्य सरकारने अडीच लाखांवरून साडेचार लाख केली आहे, आणि रुग्णालय त्या योजनेत आहे का हे सर्वांत आधी पाहावे. पण ताईंनी आम्हांला बसवून जो हिशेब करायला लावला तो शस्त्रक्रियेचा नव्हता, नंतरच्या गोळ्यांचा होता. शस्त्रक्रिया एकदाच होते, गोळ्या मात्र रोजच्या, आणि किडनी चालते तोवरच्या. दर महिन्याच्या पगारातून तो आकडा वजा करून घर चालते का, हे आम्ही तीन महिने प्रत्यक्ष पैसे बाजूला टाकून पाहिले. माझ्या पत्नीने हा प्रयोग चालवला, आणि त्यात दुचाकी बदलण्याचा बेत गेला.

घराची तयारी हा भाग ताईंनाही नवीन होता, कारण पुण्याच्या रुग्णांना सोलापूरच्या पाण्याची कल्पना नसते. आमच्याकडे नळाला पाणी दररोज येत नाही. मधले दिवस साठवलेल्या पाण्यावर काढायचे, हे इथे जन्मापासून अंगवळणी पडलेले आहे. पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसासाठी साठवलेले पाणी म्हणजे आजाराला आमंत्रण. आम्ही टाकी घासून घेतली, पिण्याचे पाणी उकळून झाकणाच्या वेगळ्या भांड्यात ठेवायची सवय शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी लावून घेतली. आणि भेटायला येणाऱ्यांचा बंदोबस्त केला. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला गेले नाही तर वर्षानुवर्षे तोंड लपवावे लागते, त्यामुळे लोकांना येऊ नका म्हणणे म्हणजे वैर पत्करणे. ताईंनी सुचवले की हे तुम्ही सांगू नका, डॉक्टरांचे नाव घेऊन पत्नीनेही सांगू नये, गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसावर ते सोपवा. माझ्या काकांनी हे काम इतक्या आनंदाने केले की शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी बाहेरगावहून आलेल्या पाहुण्यांना त्यांनी आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच परत पाठवले.

ताईंच्या सगळ्याच गोष्टी मला पटल्या असे नाही. डोळे मिटून नवी किडनी आपल्या शरीरात सुखाने नांदते आहे अशी कल्पना करायची, हा व्यायाम मला कधीच साधला नाही. मी डोळे मिटले की मला डायलिसिसच्या यंत्राचा अलार्म ऐकू येई. रोज रात्री कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहायच्या, हेही मी आठवडाभरात सोडून दिले. त्यांनी आग्रह धरला नाही. त्याऐवजी रोज संभाजी तलावाच्या बाजूला चालायला लावले, डॉक्टरांना विचारून, आणि डायलिसिसच्या दिवशी सूट देऊन. त्याचा उपयोग झाला.

शस्त्रक्रिया पुण्यात झाली. अक्काची डावी किडनी दुर्बिणीतून काढली आणि माझ्या पोटात उजव्या बाजूला, खाली बसवली. माझ्या जुन्या किडन्या आहेत तिथेच आहेत. लघवी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच सुरू झाली, असे नंतर सांगितले. नर्स तासातासाला ती मोजत असत आणि तितके द्रव शिरेतून परत देत असत. पुढे तोंडाने पाणी सुरू झाल्यावर मला एका अडचणीला तोंड द्यावे लागले, जिची ताईंनी पूर्वसूचना दिली होती म्हणून बरे. जवळजवळ दोन वर्षे घोट मोजून पाणी प्यायलेल्या माणसाला दिवसाला तीन लिटर प्यायला सांगितले की तो पिऊच शकत नाही. पेला ओठाला लावला की आतून कोणीतरी हात धरते. चार घोटांनंतर मी थांबत असे आणि श्वास लागतो का, पाय सुजतात का ते पाहत असे. ताईंनी पत्नीला सांगून ठेवले होते की त्याला 'पी पी' म्हणू नका, भरलेला तांब्या समोर ठेवा आणि तो संपला की दुसरा ठेवा. असे करत ते मार्गी लागले.

त्या दिवसांत सर्वांचे लक्ष माझ्याकडे होते. माझे क्रिएटिनिन उतरत होते, दर सकाळी आकडा आला की सोलापूरपर्यंत फोन होत होते. अक्का दुसऱ्या मजल्यावर होती आणि तिला माझ्यापेक्षा जास्त दुखत होते. हे बहुधा सगळीकडेच घडते: आजारी माणूस शस्त्रक्रियेने बरा होऊ लागतो, आणि चालतीबोलती, धडधाकट आलेली बाई शस्त्रक्रियेने आजारी पडते. ताईंनी हे ओळखून आधीच ठरवून दिले होते की अक्काजवळ राहणारा माणूस माझ्या खोलीकडे फिरकायचा नाही. दाजी आणि त्यांची पुतणी तिथे राहिले. अक्काची विचारपूस करणारे फोन पुतणीच्या फोनवर आणि माझी विचारपूस करणारे माझ्या पत्नीच्या फोनवर, अशी वाटणी होती, त्यामुळे 'भाऊ कसा आहे?' या प्रश्नाचे उत्तर अक्काला पोट धरून द्यावे लागले नाही. आईने मात्र हा नियम मोडला. ती पहिल्या दिवशी माझ्याकडे आली आणि नंतर बहुतेक वेळ लेकीच्या उशाशी बसून राहिली. मला त्याचे बरे वाटले.

पुढचे काही महिने आम्ही रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहिलो. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या तीन गोळ्या आता आयुष्याचा भाग आहेत. टॅक्रोलिमसने हात थरथरतात. चेकवर सही जमेना तेव्हा बँकेत नवा नमुना द्यावा लागला, आणि कारखान्यातल्या मालकांनी हाताने लिहायची सगळी कामे दुसऱ्याकडे देऊन मला संगणकावर बसवले. स्टेरॉइडने भूक खवळते, झोप उडते आणि माणूस क्षुल्लक कारणावरून भडकतो. हे घरच्यांना आधी सांगितलेले असल्यामुळे माझी मुलगी मी ओरडलो की शांतपणे "गोळी बोलतेय" म्हणत असे. एकदा क्रिएटिनिन वर गेले, बायोप्सी झाली, शरीर किडनी नाकारू लागले आहे असे निघाले आणि शिरेतून स्टेरॉइडचे मोठे डोस देऊन ते आटोक्यात आले. त्या दिवसांत ताईंनी मला एकही धीराचे वाक्य ऐकवले नाही. वहीतला पहिला भाग उघडा, आज डॉक्टरांना काय विचारायचे आहे ते सांगा, एवढेच त्या म्हणत.

सोलापूरला परतल्यावर एक साधी अडचण आली. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी तपासायची तर सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यावे लागते. माझी गोळी सकाळ-संध्याकाळ नऊला. हुतात्मा एक्स्प्रेसने तपासणीला जायचे तर नऊ वाजता मी गाडीत, आणि पुण्यात रक्त देऊन होईपर्यंत गोळीची वेळ टळून गेलेली. ही शंका ताईंनी शस्त्रक्रियेच्या आधीच वहीत लिहून घेतली होती. डॉक्टरांनी तोडगा काढला की रक्त आदल्या आठवड्यात सोलापुरातच नऊच्या आधी द्यावे आणि रिपोर्ट घेऊन यावे. पपनस आणि त्या जातीची फळे टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात म्हणून ती कायमची बंद झाली. डाळिंबाबद्दल विचारले तेव्हा डॉक्टरांनी तेही टाळा म्हणून सांगितले. म्हणजे ते आधीही नाही आणि नंतरही नाही.

अक्का माझ्याकडे आली की मी काय खातो यावर नजर ठेवते. "माझ्या किडनीला भजी चालतात काय रे?" असे चारचौघांत विचारते आणि सगळे हसतात. सुरुवातीला मला हे ऐकून घास घशाखाली उतरत नसे. तिने दिलेल्या वस्तूची मी आयुष्यभर राखण करायची आहे आणि ती कधीतरी बंद पडली तर तिला काय तोंड दाखवायचे, हा विचार रात्री झोपू देत नसे. ताईंशी या एका विषयावर आमच्या सर्वांत जास्त बैठका झाल्या. त्यांनी मला अक्कालाच विचारायला लावले की किडनी बंद पडली तर तुला काय वाटेल. अक्का म्हणाली, "वाईट वाटेल. मग काय करणार, तू डायलिसिसला जाशील." एवढे सरळ उत्तर मला कोणी दिले नव्हते. भज्यांची चेष्टा अजून चालू आहे.

ताईंशी केलेला करार ठरल्याप्रमाणे शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने संपला. मुदत वाढवायची माझी तयारी होती, पण ताईंनी नकार दिला आणि यापुढे वही स्वतः चालवा असे सांगितले. अक्काची वार्षिक तपासणी मात्र त्यांनी शेवटच्या बैठकीत माझ्या वहीतून काढून तिच्या स्वतःच्या वहीत लिहायला लावली. रक्तदाब, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, एवढीच ती तपासणी असते. पहिल्या वर्षी तारीख जूनमध्ये आली आणि अक्का गणवेशांचे ढीग सोडून यायला तयार होईना; म्हणून आता आम्ही ती ऑगस्टमध्ये, शाळांची गर्दी ओसरल्यावर ठेवतो. ती बार्शीहून सकाळच्या एसटीने येते, दोघेही एकाच लॅबमध्ये रक्त देतो, आणि रिपोर्ट दोन वेगवेगळ्या फायलींत लावतो. या ऑगस्टमध्ये तिचा रक्तदाब थोडा वर निघाला. डॉक्टरांनी मीठ कमी करून महिनाभराने पुन्हा यायला सांगितले आहे, आणि त्या तारखेला येणे जमवायचे म्हणून दाजी सध्या तिच्या मागे लागले आहेत.